पहिला पेशंट

पिकं निघाली, धान्य घरात आलं, थंडी पडली, तरी सुताराच्या पोरीच्या दवाखान्यात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी एक माणूस फिरकलं नाही.

डोळ्यांची ऑपरेशनं याच दिवसांत व्हायची. शेतात काम नसतं, घाम नसतो, घरातलं म्हातारं माणूस चार दिवस पडून राहिलं तरी कोणाचं अडत नाही. गावातले म्हातारे जायचे, नाही असं नाही. पण जायचे ते शहरात. शहराची बस सुताराच्या दारावरूनच जायची. बस आली की तो हातातला रंधा थांबवून बघायचा. खिडकीत ओळखीचं डोकं दिसलं की ते डोकं पटकन पलीकडे वळायचं.

पोरगी डोळ्यांची डॉक्टर होऊन आली होती. इतकी वर्षं शिकत होती, की शेजारणीनं एकदा सुताराच्या बायकोला हळूच विचारलं होतं, "नापास होते का गं सारखी?" शिक्षण संपल्यावर शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी मिळत होती. ती सोडून ती घरी आली. सुतारानं आपली कामाची खोली तिला मोकळी करून दिली. करवती, रंधे, पटाश्या, सगळं उचलून अंगणात पत्र्याखाली नेलं. दारं-खिडक्या स्वतः केल्या. पेशंटना बसायला बाकं केली आणि त्यांच्या कडा घासून घासून गोल केल्या. मधल्या भिंतीच्या एका बाजूला पोरीची ऑपरेशनची खोली, दुसऱ्या बाजूला राहतं घर.

खोलीतला मायक्रोस्कोप तिच्या सरांचा होता. सर म्हणजे तिला शिकवणारे डॉक्टर; शहरात त्यांचं स्वतःचं हॉस्पिटल. "नवीन घेऊ नकोस, आधी जम बसू दे," म्हणून त्यांनी आपला जुना दिला होता. वर सांगितलं होतं, "सुरुवातीची ऑपरेशनं तू करशील तेव्हा मी मागे स्टुलावर येऊन बसेन. बोलणार नाही. नुसता बसेन."

पण बसायला पेशंट तर हवा. चष्म्याचा नंबर काढायला लोक यायचे, डोळ्यात कुसळ गेलं की यायचे. मोतीबिंदू म्हटलं की काढता पाय घ्यायचे. "घरात विचारतो," म्हणायचे, आणि घर जणू परदेशात असावं तसे परत यायचेच नाहीत. एकानं तर तोंडावर सांगितलं, "पोरी, तुझं शेंबडं नाक मी पुसलंय. तुझ्यापुढे डोळा कसा उघडा ठेवू?" ती हसली. तो गेल्यावर मात्र बराच वेळ रिकाम्या बाकांकडे बघत उभी राहिली. सुतारानं ते खिडकीतून पाहिलं.

त्याच्या स्वतःच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. फळी सरळ आहे का हे तो उजव्या डोळ्यानं बघायचा, एक टोक नाकाजवळ धरून. आता फळीची कड दुधात बुडवल्यासारखी दिसायला लागली होती.

एका संध्याकाळी पोरगी पायरीवर चहा घेऊन बसली होती. तो म्हणाला, "माझा डोळा कर."

"सरांकडे नेते तुम्हाला. पुढच्या आठवड्यात जाऊ."

"तू कर म्हणतोय."

"बाबा, घरच्यांवर हात टाकत नाहीत. हात हलतो."

"तुझा नाही हलायचा."

"तुम्हाला काय माहीत?"

"एवढीशी होतीस तेव्हा पटाशीला धार लावायला द्यायचो तुला. मला माहीत नसणार तर कोणाला?"

ती कप घेऊन आत गेली. पण सुतार एकदा का एखाद्या गोष्टीला चिकटला की सरसासारखा चिकटायचा. सर दवाखाना बघायला आले तेव्हा त्यानं त्यांनाच गाठलं.

"मी करतो की, मिस्त्री," सर म्हणाले. "ती शेजारी उभी राहील. तुम्हाला काय फरक पडतो?"

"मला नाही पडत. गावाला पडतो. तुम्ही केलंत तर गाव म्हणेल, बापाचाच पोरीवर भरवसा नाही. मग तिनं काय करायचं, गाशा गुंडाळायचा?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आणि काही बिघडलं तर?"

"तुम्ही मागे बसणार ना?"

"मी मागे बसलो म्हणून काही बिघडत नाही, असं नसतं."

"मग तेच तर. तुम्ही केलं तरी बिघडायचं असेल तर बिघडेलच."

पोरगी खिडकीशी पाठमोरी उभी होती. शेवटी तीच म्हणाली, "करते मी."

ऑपरेशनच्या दिवशी सुतारानं नवा सदरा घातला होता. तो काढायला लावून सिस्टरनं हिरवा डगला चढवला. तोंडावर कापड आलं, वर लख्ख उजेड आला. "हलू नका," असं कोणी तरी म्हणालं. तो आवाज पोरीचाच होता, पण घरात कधी न ऐकलेला, आणि त्यात 'बाबा' नव्हतं. त्याला बरं वाटलं. कानामागे पाण्याचा ओघळ गेला. मागे सरांचा संथ श्वास ऐकू येत होता. उजेड हलला, तुटला, पुन्हा जुळला. मग मागून एकच शब्द आला, "सुरेख."

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि सुताराला पत्र्यावरचे खिळे वेगवेगळे दिसले. बायको समोर उभी होती. "अगं, तुझे केस किती पिकले!" तो म्हणाला.

"तुमच्यासोबत राहून," ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

काळा चष्मा लावून तो गावातून फिरून आला, मुद्दाम लांबच्या रस्त्यानं. चहाच्या टपरीवर बसून लांबून येणाऱ्या बसची पाटी मोठ्यानं वाचली. टपरीवाल्याच्या बायकोकडून सुई मागून घेतली आणि चार माणसांसमोर ओवून दाखवली. "कोणी केलं?" लोकांनी विचारलं. "कोणी म्हणजे? माझ्या पोरीनं!" संध्याकाळपर्यंत चौघांनी ऑपरेशनसाठी नावं दिली. एक दिवस सोडून त्यांना बोलवायचं ठरलं. पोरगी त्या रात्री दोन घास जास्त जेवली.

मधल्या दिवशी सकाळी पोरीनं डोळा तपासला. छान होता. मग ती उद्याच्या तयारीला लागली. सिस्टर कपडे धूत होती, उकळत होती, आत-बाहेर धावपळ चालली होती. दुपारी सुतार लाकडं नीट लावत होता, तेव्हा डोळ्याच्या मागे कोणी पटाशी टेकवून हळूच ठोकावं तशी कळ आली. थांबली. पुन्हा आली, आणि मग थांबेचना.

संध्याकाळी पोरगी घाईघाईनं डोळ्यात थेंब घालायला आली. "दुखत नाही ना? खुपतंय का काही?"

"छे."

"जरा लाल वाटतोय."

"धूर गेला. तुझ्या आईनं चूल पेटवली होती."

ती वाकून बघायला लागली, तेवढ्यात सिस्टरनं आतून हाक मारली आणि ती गेली. सुतारानं मनात म्हटलं, उद्या चौघं येणार आहेत. आज हिला सांगितलं तर ही सगळं बंद करेल. एवढा उद्याचा दिवस जाऊ दे. ऑपरेशन म्हटलं की थोडं दुखणारच. रात्रभर तो चादरीचं टोक दातांत धरून पडला. बायकोला जाग येऊ नये म्हणून कूससुद्धा बदलली नाही.

सकाळी काळा चष्मा काढून त्यानं पत्र्याकडे पाहिलं. खिळे नव्हते. पत्राही नव्हता, नुसतं राखाडी काहीतरी होतं. त्यानं चष्मा परत घातला.

चौघं आले, सोबत त्यांच्या लेकी-सुना आल्या, सरांची गाडी आली. अंगणात माणसं मावेनात. चौघांतला एक म्हातारा घाबरून खांबाला धरून बसला होता. त्यानं विचारलं, "मिस्त्री, दुखतं का हो?"

"मुंगी चावल्याइतकंसुद्धा नाही," सुतार म्हणाला. त्याच्या कपाळावर थंडीत घाम आला होता. म्हातारा उठून आत गेला.

दुपारी सुतार लाकडांच्या ढिगामागे जाऊन ओकला आणि वर भुसा टाकून ते झाकलं. बायकोनं पाहिलं. "काय होतंय तुम्हाला?"

"पित्त झालंय. ओरडू नकोस. लोक आहेत."

चौथं ऑपरेशन उतरत्या उन्हात संपलं. सर पोरीच्या खांद्यावर थोपटून गाडीत बसले, गाडी गेली. लोक पांगले. तेव्हा बायको नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली आणि काही न बोलता तिनं त्याच्या डोळ्यावरचा चष्मा काढला. तिची किंकाळी ऐकून पोरगी तशीच हिरव्या डगल्यात बाहेर आली.

डोळा सुजून मिटला होता. पोरीनं बोटांनी पापण्या उघडल्या. बाहुलीच्या खाली पांढरा थर साचला होता.

"कधीपासून?"

"आत्ताच जरा—"

"बाबा. कधीपासून?"

"काल दुपारपासून."

ती ओरडली नाही. तिनं फोन करून सरांना अर्ध्या वाटेतून परत बोलावलं. सरांनी आल्या आल्या डोळ्यात औषधाचं इंजेक्शन दिलं. मग त्याच गाडीत सुताराला घालून शहरात नेलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा ऑपरेशन केलं, पुन्हा इंजेक्शनं दिली. आतून पू झाला होता. बाहेर व्हरांड्यात उभं राहून ते डॉक्टर सरांना म्हणाले, "दुखायला लागलं तेव्हाच आले असते तर डोळा वाचला असता." ते हळू बोलले, पण सुताराचे कान शाबूत होते. दारापाशी पोरगी उभी होती. तिनंही ऐकलं.

डोळा गेला. उजेड आहे की अंधार, एवढंच त्याला कळायचं.

पोरीनं ऑपरेशनची खोली बंद केली. भिंतीपासून चिमट्यापर्यंत सगळं धुतलं, तपासायला पाठवलं. काही सापडलं नाही. जंतू कुठून आले ते कधीच कळलं नाही. त्या चौघांच्या घरी ती सकाळ-संध्याकाळ जायची आणि डोळे बघून परत यायची. चौघांचेही डोळे छान झाले. पण त्यांच्या घरचे कुठे बोलले नाहीत. उगाच आपल्याला दृष्ट नको, असं त्यांना वाटलं असेल. ज्यांना दिसायला लागलं ते गप्प राहिले, आणि ज्याला दिसेना त्याचा गावभर बोभाटा झाला.

मग चष्म्याचे नंबर काढायला येणारेही थांबले.

सर एक दिवस आले आणि पोरीला सोबत घेऊन गेले. आठवड्यातून काही दिवस ती त्यांच्या हॉस्पिटलात जायला लागली. पहिल्या दिवशी परत आली तेव्हा आईनं विचारलं, "काय केलंस?"

"नुसती उभी राहिले. सर म्हणाले, आज नुसती उभी राहा."

पुढच्या वेळी सरांनी तिला फक्त डोळा धुवायला सांगितला. त्याच्या पुढच्या वेळी फक्त टाका घालायला. एकदा ती हातमोजे चढवून आत गेली आणि तशीच बाहेर येऊन जिन्यावर बसली. सरांनी ऑपरेशन स्वतः उरकलं, मग येऊन तिच्याशेजारी पायरीवर बसले आणि "जेवलीस का?" एवढंच विचारलं. हे सगळं ती आईला सांगायची. बापाशी बोलायची ते औषधाचं, जेवणाचं, कामापुरतं.

सुतारानं पुन्हा काम हातात घेतलं. एक डोळा आहे की, असं तो म्हणायचा. पण एका डोळ्याला जवळ-लांब कळत नाही. चहा ओतायला जायचा तर धार कपाच्या शेजारी पडायची. खिळ्यावर मारलेली हातोडी बोटावर यायची. पटाशी निसटून तळहातात घुसली; जखम भरली आणि पुन्हा तिथेच घुसली. शाळेच्या मास्तरांनी दाराची चौकट करायला दिली होती. त्यानं ती आपल्या परीनं चोख केली, नेऊन बसवली. मास्तर म्हणाले, "छान झाली." दोन दिवसांनी तिकडून जाताना त्याला दुसरा सुतार ती चौकट काढून तासताना दिसला. मास्तरही तिथेच होते. त्यांनी सुताराला पाहिलं आणि आत काहीतरी राहिल्यासारखे घरात गेले. तेव्हापासून सुतारानं चौकटी घेणं सोडलं. करवतींना धार लावून द्यायचा, खाटांचे पाय ठोकून द्यायचा.

टपरीवर मात्र तो जायचा. कोणी डोळ्याकडे बघून च्च च्च केलं की सांगायचा, "पोरीचं ऑपरेशन चोख होतं. माझंच चुकलं. दुखत होतं ते मी लपवलं. सांगितलं असतं तर डोळा राहिला असता."

लोक मान हलवायचे. टपरीवाला म्हणाला, "असू दे, मिस्त्री. बापाचं काळीज आहे. आम्हाला कळतं."

"अरे, खरं सांगतोय मी!"

"हो हो. खरंच असणार."

तो उठला. मुंगी चावल्याइतकंही दुखत नाही असं सांगितलं तेव्हा सगळ्यांना पटलं होतं. आता खरं सांगत होता तर एक माणूस विश्वास ठेवायला तयार नव्हता. घरी येऊन त्यानं हे बायकोला सांगितलं. ती पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "माझा आहे विश्वास. म्हणून तर मला तुमच्याशी बोलावंसं वाटत नाही."

वर्ष गेलं. पुढच्या थंडीत लांबच्या वस्त्यांवरचे काही पेशंट आले. त्यांना सुताराची गोष्ट ठाऊक नव्हती. पोरीनं त्यांना स्वतःच ती सांगितली. काही उठून गेले, काही बसून राहिले. खोली पुन्हा उघडली. सर पुन्हा स्टुलावर येऊन बसायला लागले, आणि मग एकेक दिवस गाळत हळूहळू येईनासे झाले.

ऑपरेशन झालेल्यांच्या घरी सुतार आपण होऊन जायला लागला. कोणी सांगितलं नव्हतं. काठी घेऊन निघायचा, ओट्यावर टेकायचा, पाणी मागायचा, पिकापाण्याचं बोलायचा. मध्येच विचारायचा, "दुखत नाही ना?" माणूस म्हणायचं, "छे, छान आहे." मग तो आणखी थोडा वेळ बसायचा आणि त्या माणसाकडे बघत राहायचा. 'छान आहे' हे किती प्रकारांनी म्हणता येतं, ते त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार?

गावाबाहेर शेतातल्या घरात एक म्हातारी राहायची. जिभेवर कायम मिरची, म्हणून सगळे तिला तिखट आजी म्हणायचे. तिचं ऑपरेशन होऊन काही दिवस झाले होते. त्या सकाळी सुतार गेला तेव्हा ती दारात सूप घेऊन दाणे निवडत बसली होती. मान एका बाजूला कलली होती आणि हात सुपातल्या त्याच त्या दाण्यांवरून फिरत होता.

"काय आजी, कसं काय?"

"बरं आहे. बसलेय नं धडधाकट."

शिवी नाही, टोमणा नाही. सुतार जवळ गेला. "दुखतंय."

"कोण म्हणतं? तू कधीपासून डॉक्टर झालास?"

"कधीपासून दुखतंय, आजी?"

"पहाटेपासून," ती एकदम बारीक आवाजात म्हणाली. "पोरगा आज बाजाराला गेलाय. बैल विकायचाय. संध्याकाळी सांगणार होते."

"उठा."

"संध्याकाळी—"

"उठा म्हणतो ना!" तो इतक्या जोरात ओरडला की मागच्या दारातून सून धावत आली.

सून लहान पोराला टाकून निघू शकत नव्हती, गाडी पोरगा घेऊन गेला होता. म्हातारीनं सुताराच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं बांधावरून निघाली. त्याच्या उजव्या बाजूचा खड्डा त्याला दिसला नाही. दोघं मिळून त्यात गेली. मग तिला तोंड फुटलं. "एका डोळ्याचा मेला, मला न्यायला निघालाय! माझा तरी एक नीट आहे, तू धर माझा खांदा!" रस्ताभर ती त्याला शिव्या देत होती आणि त्याला त्या ऐकून धीर येत होता.

पोरीनं डोळा बघितला. सरांना फोन लावला, बोलता बोलताच औषध भरून घेतलं आणि तिथल्या तिथे इंजेक्शन दिलं. मग म्हातारीला शहरात घेऊन गेली आणि तिच्याजवळ राहिली.

आठवड्याभरानं ती परत आली. सुतार पत्र्याखाली करवतीला कानस लावत बसला होता. पिशवी पायरीवर ठेवून ती समोरच्या ओंडक्यावर बसली.

"आजींना दिसतंय. सिस्टरच्या टोपीवरचा डागसुद्धा दाखवला त्यांनी मला."

"बरं झालं."

"पहाटे दुखायला लागलं आणि दुपारच्या आत तुम्ही आणलंत. म्हणून."

"हं."

कानस चालत राहिली. पोरगी त्या कानशीकडे बघत होती. मग म्हणाली, "तुमचाही वाचला असता, बाबा."

कानस थांबली.

"भिंतीपलीकडे होते मी. एक हाक मारायची होती. संध्याकाळी विचारलं तुम्हाला, तोंडावर विचारलं. तुम्ही चूल सांगितलीत."

"ती चार माणसं येणार होती—"

"आली नसती तर नसती आली!" ती ओरडली. बायको दारात आली आणि तशीच मागे सरली. "उपाशी मरणार होतो का आपण? मला पेशंट नको होते. मला नीट बघायचं होतं. लाल दिसला होता मला, तरी मी उठून गेले. रोज तेच आठवतं. मी तरी का गेले? आणि तुम्ही गावभर सांगत फिरता, माझं चुकलं, माझं चुकलं. मला कधी म्हणालात? मला नाही म्हणालात."

सगळ्या गावाला सांगितलेलं ते एक वाक्य पोरीसमोर सुताराच्या तोंडून बाहेर पडेना. ती आता तोंड उघडं टाकून रडत होती, लहानपणी गुडघा फुटला की रडायची तशी.

"चुकलो गं," तो म्हणाला.

हळूहळू तिचं रडणं थांबलं. आतून सिस्टरनं हाक मारली. नंबर काढायला कोणी तरी आलं होतं. पोरीनं बाहीनं तोंड पुसलं, पिशवी उचलली आणि दारापर्यंत गेली.

"ऐक," सुतार म्हणाला. "हा दुखतो अजून. थंडी पडली की फार दुखतो. सकाळी उठवत नाही."

ती दारात थांबली. "आलेच," असं आत ओरडून सांगितलं. मग परत येऊन तिनं त्याच्या हातातली कानस काढून बाजूला ठेवली, त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि त्याचा तो गेलेला डोळा बोटांनी उघडून बराच वेळ नीट बघत राहिली.